अँटिगोनिश : आधी अभ्यास, मग सोसायटी

साखर कारखाना, दूध संघ, पतपेढी, विकास सोसायटी हे शब्द आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतात. महाराष्ट्राच्या माणसाला सहकार शिकवायला जाणं म्हणजे कोकणातल्याला भात कसा शिजवायचा ते सांगण्यासारखं. तरीही कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका जेमतेम पाच हजार वस्तीच्या गावाचं या बाबतीत थोडं ऐकून घ्यायला हरकत नाही.

गावाचं नाव अँटिगोनिश, प्रांत नोव्हा स्कॉशिया. हॅलिफॅक्सहून मोटारीने दोन-अडीच तास लागतात. नाव मूळच्या मिगमॉ आदिवासींच्या भाषेतलं. त्यांच्या भूमीवर पुढे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातून आलेले कॅथलिक येऊन वसले. त्यांचे हायलँड खेळ 1863 पासून इथे भरतात. जुलैत बॅगपाइपच्या सुरात घागरे घातलेले पुरुष झाडाचा अख्खा सोट उचलून भिरकावतात. एरवी गाव शांत. एक मुख्य रस्ता, सेंट निनियनचं दगडी कॅथीड्रल आणि त्याला लागून सेंट फ्रान्सिस झेवियर विद्यापीठ. झेवियर म्हणजे तोच, ज्याचं शव जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या चर्चमध्ये आहे. 3 डिसेंबरला गोव्यात त्याचं फेस्त असतं. त्याच दिवशी इथे शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना एक्स अक्षराची अंगठी देतात आणि ती पुढे जन्मभर बोटात मिरवली जाते.

या विद्यापीठाच्या आवारात कोडी इन्स्टिट्यूट आहे. प्रौढ शिक्षण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रात्रशाळा, पाटी-पेन्सिल आणि अंगठ्याऐवजी सही करायला शिकणारी आजी येते. कोडीत येणारी माणसं वेगळी. कुणी आफ्रिकेत बायकांचे बचतगट उभे केलेले असतात, कुणी आशियातल्या एखाद्या बेटावर मच्छीमारांची संघटना चालवत असतं, कुणी कॅनडातल्याच आदिवासी वस्तीतून आलेलं. संस्था कॅथलिक परंपरेतली, पण धर्म विचारून कुणाला घेत नाहीत. विचारतात ते काम. किती वर्षं केलं, कुणाबरोबर केलं, कुठे अडलं. शंभराहून अधिक देशांतली माणसं आजवर इथे शिकून गेली आहेत.

वर्गातलं एक साधन सांगण्यासारखं आहे. गावाचा पैसा समजून घ्यायला इथे बादली काढतात, गळकी बादली. वरून बादलीत पडणाऱ्या धारा म्हणजे गावात येणारा पैसा : पिकाचा, मजुरीचा, शहरात गेलेल्या मुलाने पाठवलेला. खालच्या भोकांतून गळतो तो बाहेर जाणारा पैसा : खतं, औषधं, व्याज, दारू, मोबाइल, लग्न. धार मोठी तर बाण जाड काढायचा, बारीक तर बारीक. बादलीच्या आत पैसा किती हातांतून फिरतो, तेही दाखवायचं. हिशेबाची वही न वाचता येणाऱ्यालाही हे चित्र लगेच कळतं आणि भांडण सुरू होतं : हे भोक बुजवता येईल की नाही? तेल बाहेरून आणायचं की गावातच घाणा घालायचा? मदत मागण्याआधी आपल्याकडे काय आहे ते मोजा, हा इथल्या शिकवणुकीचा गाभा. गावाची गरिबी मोजायला आलेले सर्वेक्षणवाले आपण पुष्कळ पाहिलेत. गावाची ऐपत मोजणारे कमी.

या शिकवणुकीची मुळं याच किनाऱ्यावरच्या उपाशी माणसांच्या अनुभवात आहेत. त्यासाठी शंभरेक वर्षं मागे जावं लागतं.

जेम्स टॉम्पकिन्स आणि मोझेस कोडी हे दोन पाद्री नात्याने भाऊ, दोघेही केप ब्रेटन बेटावरच्या मार्गरी खोऱ्यातले. टॉम्पकिन्स किरकोळ अंगाचे, चिरक्या आवाजाचे, सतत कुणाच्या तरी हातात वाचायला काहीतरी कोंबणारे. कोडी सहा फुटांवरचे आडमाप गृहस्थ, सभा गाजवणारे. टॉम्पकिन्स या विद्यापीठात मोठ्या हुद्द्यावर होते. 1921 मध्ये त्यांनी ‘नॉलेज फॉर द पीपल’ ही पुस्तिका काढली. विद्यापीठाने लोकांकडे जावं, एवढंच तिचं म्हणणं. त्याच वर्षी ऐन हिवाळ्यात शेतकऱ्यांसाठी लोकशाळा भरवली. पण हॅलिफॅक्समध्ये सगळी महाविद्यालयं एकत्र करण्याच्या योजनेवरून त्यांचं बिशपांशी बिनसलं आणि त्यांची रवानगी कॅन्सो या मच्छीमारांच्या गावी झाली. आपल्याकडे नकोशा अधिकाऱ्याला गडचिरोली दाखवतात, तीच गत.

शिक्षाच इष्टापत्ती ठरली म्हणायची. कॅन्सोत व्यापारी जाळी, दोर, पीठ, मीठ सगळं उधारीवर द्यायचा आणि मासळी स्वतः ठरवलेल्या भावाने घ्यायचा. उचल फिटायची नाही, वहीत नाव कायमचं. 1 जुलै 1927 रोजी कॅनडाच्या संघराज्याला साठ वर्षं झाली, देशभर सोहळे झाले. कॅन्सोच्या मच्छीमारांनी मात्र सभा घेऊन विचारलं की आम्ही नेमकं कशाचं साजरं करायचं? पाद्रीबाबांनी ती हाक वर्तमानपत्रांपर्यंत पोचवली. सरकारने चौकशी आयोग नेमला, कोडींनी त्याच्यापुढे साक्ष दिली, आणि 1928 मध्ये विद्यापीठाने लोकशिक्षणाचा विस्तार विभाग काढून तो कोडींच्या हाती सोपवला.

कोडींची पद्धत सरळ होती. आधी गावात मोठी सभा. तिथे हा धिप्पाड माणूस लोकांना त्यांच्या गरिबीबद्दल चांगलं खडसावायचा. सभा संपली की पाच-दहा जणांची अभ्यास मंडळं पाडायची. मंडळ भरायचं कुणाच्या तरी स्वयंपाकघरात, चुलीच्या उबेला. ज्याला वाचता येतं त्याने विद्यापीठाकडून आलेली पुस्तिका मोठ्याने वाचायची, बाकीच्यांनी ऐकून वाद घालायचा. विषय रोजचेच : आपल्या शेवंडीला इथे मिळतो काय आणि बोस्टनच्या बाजारात तीच जाते कितीला? मधले पैसे कुणाकडे राहतात? दर आठवड्याला थोडे पैसे साठवले तर वर्षाअखेर किती होतील? महिनोन्महिने असा कीस पाडल्यावरच सोसायटीचं नाव काढायचं. कॅन्सोजवळच्या लिटल डोव्हरच्या मच्छीमारांनी अशाच अभ्यासातून शेवंडी डबाबंद करण्याचा कारखाना आपल्या हातांनी उभारला. 1930 च्या दशकाच्या अखेरीला अशी हजाराहून अधिक मंडळं चालू होती.

यातला माझा आवडता प्रसंग रिझर्व्ह माइन्सचा. टॉम्पकिन्स 1935 मध्ये या कोळसा खाणीच्या गावी गेले आणि आपल्या राहत्या घरातच त्यांनी ग्रंथालय थाटलं. खाणमजूर कंपनीच्या कळकट चाळींत राहत. त्यांनी घरबांधणीचा अभ्यास सुरू केला. न्यूयॉर्कहून आलेल्या मेरी अर्नोल्ड या सहकारी कार्यकर्तीने त्यांना आधी पुठ्ठ्याची घरं करायला लावली. प्रत्येक कुटुंबाने आपल्या घराची मोजमापाबरहुकूम प्रतिकृती करायची, जिना कुठे येतो, चुलीची खोली पुरते का, हे पाहायचं आणि चुकलं तर पुठ्ठा फाडून पुन्हा. मग खाणीतली पाळी संपवून हीच माणसं वीट-लाकूड हातात घेऊन उभी राहिली. 1938 मध्ये अकरा घरं पुरी झाली. वसाहतीला नाव दिलं टॉम्पकिन्सव्हिल.

या कथेत पाद्री फार दिसतात, धर्मभगिनी कमी. सेंट मार्था संघाची स्थापना 1900 मध्ये झाली ती मुळात कॉलेजच्या स्वयंपाकघराची आणि धुण्याभांड्यांची व्यवस्था पाहायला. पुढे त्याच संघातल्या सिस्टर मेरी मायकल यांनी विस्तार विभागाचं ग्रंथालय सांभाळलं आणि खेड्यापाड्यांत वाचायला काय जाणार, हा प्रश्न त्यांच्या टेबलावर सुटू लागला. स्वयंपाकघरांत मंडळं भरत तेव्हा चहा कोण करत असेल, हे वेगळं सांगायला नको. पुढे बायकांची स्वतंत्र मंडळंही निघाली.

कोडी जुलै 1959 मध्ये गेले. त्याच वर्षाच्या अखेरीला त्यांच्या नावाची ही संस्था सुरू झाली, कारण आशिया-आफ्रिकेतून लोक ही पद्धत पाहायला येऊ लागले होते.

वास्तविक कॅथलिकांच्या सहकाराची भारताला नवलाई नव्हती. रांचीकडे फादर हॉफमन यांनी आदिवासींसाठी पतसंस्था काढली 1909 मध्ये. आपल्या वसईत मोन्सेनियर मोनीस यांनी बॅसीन कॅथॉलिक बँकेचा पाया घातला 1918 मध्ये, म्हणजे नोव्हा स्कॉशियातल्या पहिल्या पतपेढीच्या बऱ्याच आधी. संस्था काढण्यात आपण मागे नव्हतोच. प्रश्न अभ्यासाचा आहे. आपल्याकडच्या कित्येक कारखान्यांच्या वार्षिक सभेत अहवालाचं पान उलटायच्या आत ‘मंजूर, मंजूर’चा गजर होतो आणि सभासद जेवणाच्या पंगतीकडे वळतात. ताळेबंद वाचता येणारा सभासद कुणालाच नको असतो, चेअरमनला तर नाहीच.

अर्थात अँटिगोनिशलाही फार डोक्यावर घ्यायला नको. इथल्या किती तरी सहकारी दुकानांना आणि कारखान्यांना कुलपं लागली, पतपेढ्या एकमेकींत विलीन झाल्या, अटलांटिकमधला कॉड मासाच संपत आल्यावर मच्छीमारांच्या संघटनेने तरी काय करायचं? कम्युनिस्टांना शह द्यायला चर्चने काढलेली टूम, असा शेराही या चळवळीवर मारला गेलाय, आणि खाणभागापुरता तो अगदीच खोटा नाही. तरी मंडळांत प्रॉटेस्टंटही बसत आणि त्यांचे धर्मोपदेशक प्रचारालाही फिरत, हेही खरं.

केप ब्रेटनला कॅबट ट्रेल हा निसर्गरम्य रस्ता पाहायला मराठी प्रवासी हल्ली बरेच जातात. त्यांची गाडी अँटिगोनिशवरूनच पुढे जाते. तिथून तासाभराच्या आत कॅन्सो सामुद्रधुनीवरचा बांध ओलांडून बेटावर शिरलं की मार्गरी खोरं वाटेतच लागतं. मार्गरी फोर्क्सला कोडी आणि टॉम्पकिन्स या दोघांच्या नावाचं सार्वजनिक ग्रंथालय आहे. जायचं तर निघण्याआधी उघडण्याच्या वेळा तेवढ्या पाहून घ्याव्यात.