स्क्रीनशॉट खरा की बनावट? हे शोधायला शिकवणारं शिक्षण

मोबाईलवरचा एक स्क्रीनशॉट गावभर फिरतो आणि एखाद्या पोरावर गुन्हा दाखल होतो. तो खरा की बनावट, हे आरडाओरड करून ठरत नाही, तपासून ठरतं. हे तपासणं म्हणजे डिजिटल फॉरेन्सिक.

सायबर सुरक्षा चोरीआधी कुलूप लावते, फॉरेन्सिक चोरीनंतर माग काढतं. त्यात मूळ डेटाची हुबेहूब प्रत काढून तिच्यावरच काम करतात. फाइलची ‘हॅश व्हॅल्यू’ म्हणजे जणू तिच्या अंगठ्याचा ठसा. एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो.

याचं कोर्टातलं वजन आपल्याच मराठवाड्यातल्या जालन्याच्या खटल्यात दिसलं. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरच्या खोतकर-गोरंट्याल प्रकरणात सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये सांगितलं, की मूळ यंत्रच कोर्टापुढं आणलं नसेल, तर प्रमाणपत्राशिवाय इलेक्ट्रॉनिक पुरावा चालणार नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तर या प्रमाणपत्रात हॅश व्हॅल्यूही लिहावी लागते.

हे शिकायला धाराशिवच्या मुलांनी पुणे-मुंबईच गाठावी असं नाही. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थेत बारावी सायन्सनंतर फॉरेन्सिकची बी.एस्सी. करता येते, पदवीनंतर डिजिटल व सायबर फॉरेन्सिकचा डिप्लोमाही आहे. पात्रता आणि फी संस्थेतच विचारून घ्या.

पालकांनो, डॉक्टर-इंजिनिअरच्या पलीकडचा हा रस्ता मुलामुलींना दाखवा. समाजात वकील आहेत. पण वकिलाच्या हाती भक्कम पुरावा देणारेही आपल्याला हवेत, असं आम्हाला वाटतं.