सर्टिफिकेट बघा, पण काम करून घ्या!

मालवणातल्या होमस्टे-दुकानांचे कॉम्प्युटर सांभाळायचा धंदा काढताय? मग माणूस घेताना नुसतं सर्टिफिकेट बघू नका.

रेड हॅटच्या आरएचसीएसए परीक्षेत पर्याय निवडायचे नसतात. लिनक्स मशीनवर काम करायचं, शेल स्क्रिप्ट लिहायची. मशीन रीस्टार्ट झाल्यावरही सगळं टिकलं, तरच मार्क. 300 पैकी 210 ला पास.

आपल्याकडे तर पावसात लाईट जातेच! म्हणून उमेदवाराला जुना लॅपटॉप द्या. नमुन्याच्या बिलांचा रोज आपोआप बॅकअप घेणारी स्क्रिप्ट लिहायला सांगा. मग लॅपटॉप बंद-चालू करा, एक बिल डिलीट करा आणि म्हणा, "आता परत आणून दाखवा."

माझ्या दुकानातला बॅकअप मी कधी उघडून बघितलाच नव्हता. हिशोब गेला तेव्हा कळलं. तुम्ही आधीच बघा.