स्टेप्सना मार्क द्या!

अमेरिकन फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून केलेली धक्काबुक्की, असं आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं. पण मित्रांनो, यातला अर्धा खेळ मैदानाबाहेर उभ्या असलेल्या कोचच्या डोक्यात चालतो. प्रोबॅबिलिटीचा पेपर दिलेल्या प्रत्येकाने बघावी अशी एक मॅच आहे: २४ जानेवारी २०२१, ग्रीन बे पॅकर्स विरुद्ध टँपा बे बकनीअर्स. जिंकेल तो सुपर बोलच्या फायनलमध्ये, हरेल तो घरी.

आधी नियम, थोडक्यात. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना १० यार्ड पुढे जायला चार चान्स. तेवढं गेलात की पुन्हा नवे चार, नाहीतर चेंडू समोरच्यांना. शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेला की टचडाउन, ६ पॉइंट. त्यावर बोनस: सोपी किक मारून १, किंवा २ यार्डांवरून परत आत घुसून २. टचडाउन जमत नसेल तर खांबांमधून किक मारायची. तो फील्ड गोल, ३ पॉइंट.

आता सीन बघा. २ मिनिटं ९ सेकंद बाकी. टँपा ३१, ग्रीन बे २३. चेंडू ग्रीन बेकडे, रेषेपासून फक्त ८ यार्डांवर. पण तीन चान्स फुकट गेलेले, उरला एकच. चेंडू फेकणारा कोण, तर आरन रॉजर्स. सगळ्यांना वाटलं, आता तो फेकणार. कोच मॅट लाफ्लरने मात्र फील्ड गोल मारायला सांगितलं. ३१-२६ झालं, चेंडू टँपाच्या टॉम ब्रेडीकडे गेला आणि ग्रीन बेला तो परत मिळालाच नाही. मॅच खलास. लाफ्लरवर टीकेचा नुसता पाऊस पडला.

पण थांबा, गणित मांडू. खालचे आकडे माझे अंदाज आहेत, कुठल्या टेबलातले नाहीत.

फील्ड गोल मारला, तर दोन गोष्टी जमायला हव्यात. ब्रेडीला अडवायचं (धरा ४० टक्के) आणि मग टचडाउन करायचा (२५ टक्के). गुणाकार: १० टक्के.

चौथा चान्स खेळला, तर ८ यार्डांवरून टचडाउन २५ टक्के धरू. पण फरक ८ चा आहे, म्हणजे २ चा बोनसही हवा, तो अर्ध्या वेळा मिळेल. एवढं करून नुसती बरोबरी, आणि चेंडू ब्रेडीकडे! तिथून जिंकायचे ४० टक्के धरले तर हाती येतात ५ टक्के. बोनस हुकला, तरी ब्रेडीला अडवून फील्ड गोलवर जिंकता येईल: आणखी २ टक्के. टचडाउनच हुकला, तर टँपा स्वतःच्या रेषेजवळ अडकलेले असतील. त्यांना अडवून टचडाउन, बोनस आणि ओव्हरटाइम असं सगळं जमलं तर अडीच टक्के. एकूण साडेनऊ.

म्हणजे दोन्ही रस्ते जवळपास सारखेच! आता ब्रेडीला अडवायचे ४० ऐवजी ३० टक्के धरा. पहिला रस्ता साडेसातवर येतो, दुसरा साडेआठवर. उत्तर फिरलं. म्हणजे खरा प्रश्न हा की आपल्या डिफेन्सवर भरवसा किती? त्याच दिवशी, दुसऱ्या हाफमध्ये, ग्रीन बेने ब्रेडीचे तीन पास मधल्यामध्ये पकडले होते. शिवाय घड्याळ थांबवायला तीन टाइमआउट हातात होते. तेव्हा लाफ्लरशी वाद घालायचा असेल तर या भरवशावर घाला, ‘हरला म्हणजे चुकला’ असं म्हणू नका.

याची दुसरी बाजूही त्याच मॅचमध्ये आहे. पहिला हाफ संपायला १३ सेकंद असताना टँपाचा कोच ब्रूस एरियन्सने चौथा चान्स खेळला. ४ यार्ड हवे होते, ६ मिळाले; पुढच्याच पासवर ३९ यार्डांचा टचडाउन. सगळे म्हणाले, काय डेरिंग! पण तो निर्णय पास पडला असता तरी चांगलाच होता. कारण फसला असता, तरी ग्रीन बेकडे काही करायला जेमतेम काही सेकंदच उरले असते. नुकसान छोटं, फायदा मोठा.

आपल्या पेपरात शेवटचं उत्तर चुकलं तरी स्टेप्सना मार्क मिळतात, आणि ते आपण भांडून घेतो. पण मित्राने कुठली ब्रांच घेतली, कुणी हातातली ऑफर सोडून गेटची तयारी केली, यावर आपण फक्त रिझल्ट बघून बोलतो. लागला तर हुशार, नाही लागला तर मूर्ख. त्या दिवशी त्याला काय माहीत होतं, पर्याय किती होते आणि प्रत्येकात काय काय जमून यायला हवं होतं, एवढे तीन प्रश्न आधी विचारा. दोन मिनिटं लागतात. लाफ्लरकडे तेवढीही नव्हती.