सेवांची उत्पादकता आणि पूर्णगडचा पूल

रत्नागिरीच्या दक्षिणेस, पावसच्या पुढे, मुचकुंदी नदी जिथे समुद्राला मिळते तिथे पूर्णगड हे गाव वसले आहे. टेकडीवर लहानसा किल्ला, पायथ्याशी मच्छीमारांची वस्ती आणि खाडीपलीकडे गावखडी. आज या दोन गावांना जोडणारा पूल आहे. पूल नव्हता त्या काळी पलीकडे जायचे म्हणजे होडीची वाट पाहावी लागे, नाहीतर खाडीला लांबचा वळसा घालावा लागे. अर्थशास्त्रातील एक अवघड प्रश्न समजून घेण्यास हा पूल फार उपयोगी पडतो.

उत्पादकता म्हणजे एका माणसाच्या एका तासाच्या श्रमातून निर्माण होणारे मूल्य. कारखान्यात ते मोजणे सोपे असते. नवे यंत्र आले की तेवढ्याच कामगारांकडून दुप्पट माल निघतो. परंतु शिक्षक, परिचारिका, केशकर्तनकार यांचे काय? अमेरिकन अर्थतज्ज्ञ विल्यम बॉमोल यांनी विल्यम बोवेन यांच्यासह १९६६ साली हाच प्रश्न मांडला. चार वादकांसाठी रचलेले संगीत शंभर वर्षांपूर्वी चार वादकच वाजवीत, आजही चारच लागतात. त्यांची उत्पादकता वाढत नाही, पण इतर क्षेत्रांतील वेतन वाढले की त्यांचेही वाढवावे लागते. म्हणून शिक्षण व वैद्यकीय उपचार इतर वस्तूंच्या तुलनेत महाग होत जातात. सेवांवर चालणाऱ्या देशाची प्रगती यामुळे मंदावते, अशी भीती त्यातून निर्माण झाली.

भारताला ही चिंता लागू पडते का? आपल्या एकूण मूल्यवर्धनात सेवांचा वाटा ५५ टक्क्यांच्या आसपास आहे. मात्र २०२३-२४ च्या श्रमबल सर्वेक्षणानुसार त्यात काम करणारे सुमारे ३० टक्केच आहेत, आणि शेतीत ४६ टक्के. म्हणजे सरासरीने पाहता सेवेतील माणूस शेतीतील माणसाच्या चौपटीहून अधिक मूल्य निर्माण करतो. ही सरासरी मात्र फसवी आहे. तिच्यात पुण्यातील संगणक अभियंता आहे आणि दिवसभर गिऱ्हाइकाची वाट पाहणारा टपरीवालाही आहे. कोकणातला तरुण वर्षानुवर्षे मुंबईला जात राहिला तो पहिल्याच्या ओढीने. पुष्कळांच्या वाट्याला दुसऱ्यासारखेच काम आले.

आता पुलाकडे वळू. पूल झाल्याने शिक्षक अधिक वेगाने शिकवू लागला नाही, की डॉक्टर अधिक घाईने तपासू लागला नाही. (तसे झाले असते तर ती उत्पादकता नव्हे, हयगय झाली असती. तासाला दुप्पट रुग्ण हातावेगळे करणाऱ्या दवाखान्याचे कौतुक करण्यापूर्वी हे आठवावे.) वाढला तो प्रत्यक्ष सेवेचा वेळ, कारण प्रतीक्षेचा वेळ घटला. सेवा साठवून ठेवता येत नाही. न भरलेली एस.टी.ची आसने आणि रुग्णाअभावी बसून राहिलेला वैद्य, हे दोन्ही त्या क्षणापुरते वायाच जातात. म्हणून सेवेची उत्पादकता ग्राहक आणि सेवक यांच्या गाठीभेटीवर अवलंबून असते. याच जिल्ह्यात दाभोळ-धोपावे फेरीबोट २००३ पासून वाहनांसह खाडी ओलांडते. तिचे मर्म हेच. २०१९ साली सुरू झालेली ई-संजीवनी ही दूरवैद्यक सेवाही एका परीने पूलच आहे.

यंत्र विकत घेऊन मात्र भागत नाही. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट सोलो यांनी १९८७ मध्येच लक्षात आणून दिले होते की संगणक सर्वत्र दिसतो, पण उत्पादकतेच्या आकड्यांत दिसत नाही. कामाची पद्धत बदलल्याखेरीज यंत्राचा लाभ मिळत नाही. कार्यालयात संगणक बसवला आणि अर्ज तीन प्रतींतच मागितला, तर श्रम वाढलेच म्हणायचे.

पूर्णगडसारख्या गावात मासे पकडण्यापेक्षा पुढची साखळी, म्हणजे बर्फ, वाहतूक, लिलाव आणि हिशेब, हाच सेवांचा भाग आहे. ताजी मासळी वेळेत बाजारात पोहोचली तर त्याच जाळ्याला अधिक मोल येते. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले; त्याचा खरा लाभही प्रतवारी आणि विक्री यांची कौशल्ये गावात रुजली तरच बागायतदाराच्या हाती येईल.

एक गोष्ट राहिली. पूल झाला तेव्हा होडी वल्हवणाऱ्याचे काम संपले. देशाच्या हिशेबात ती उत्पादकतेची वाढ. त्याच्या घरात तो उपजीविकेचा प्रश्न. त्याच्या मुलांना नवे कौशल्य शिकवणारी शाळा जवळ असेल, तर हे दोन्ही हिशेब जुळू शकतात. ती शाळा चालवणे ही बॉमोल यांच्या वादकांसारखीच खर्चिक सेवा आहे, आणि तो खर्च कोणी उचलावा यावर आपल्या ग्रामसभांत फारच थोडी चर्चा होते.