अठ्ठावन्नाव्या वाढदिवसाचे मोल

जर्मनीत नोकरी गेलेल्या माणसाला बेरोजगारी विम्यातून किती महिने पैसे मिळणार, हे दोन गोष्टींवर ठरते. त्याने किती महिने हप्ते भरले, ही पहिली. भत्त्याचा हक्क सुरू झाला त्या दिवशी त्याचे वय काय होते, ही दुसरी. पन्नाशीच्या आतल्याला जास्तीत जास्त १२ महिने मिळतात. पन्नाशी गाठली की १५, पंचावन्न पूर्ण झाली की १८ आणि अठ्ठावन्न पूर्ण असतील तर २४. वयाच्या या तीन पायऱ्यांसाठी मागच्या पाच वर्षांत अनुक्रमे ३०, ३६ आणि ४८ महिने हप्ते भरलेले असावे लागतात. म्हणजे अठ्ठावन्नाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी हक्क सुरू झाला तर दीड वर्ष, वाढदिवशी झाला तर दोन वर्षे. एका रात्रीत सहा महिन्यांची भर पडते!

रक्कमही किरकोळ नाही. हाती येणाऱ्या पगाराच्या ६० टक्के, पदरी मूल असेल तर ६७ टक्के. शिवाय या काळात जुन्या ढोबळ पगाराच्या ८० टक्के रक्कम धरून माणसाच्या पेन्शनचा हप्ताही भरला जातो. साठीकडे निघालेल्या माणसाला हे दुसरे कलम पहिल्याइतकेच महत्त्वाचे वाटते. या सगळ्याचा कारभार न्युरेंबर्गला मुख्यालय असलेली केंद्रीय रोजगार संस्था पाहते. पैसा येतो तो पगाराच्या २.६ टक्के हप्त्यातून. त्यातला निम्मा कामगाराचा, निम्मा मालकाचा.

मूळ विमा १९२७ सालचा. त्याची पेन्शनशी खरी सोयरीक जुळली ती १९५७ च्या पेन्शन सुधारणेत. किमान एक वर्ष बेकार राहिलेल्या कामगाराला पासष्टीऐवजी साठाव्या वर्षीच पेन्शन घेण्याची मुभा तेव्हा मिळाली. हेतू भला होता. साठीच्या माणसाला पुन्हा कोण कामावर घेणार? पण कारखान्यांच्या कचेऱ्यांत बसलेल्या हिशेबनिसांनी हे कलम उलट्या बाजूने वाचले. साठातून एक वजा केला की एकोणसाठ उरतात. या वयात माणसाला मोकळे करा, वर्षभर तो भत्ता घेईल, त्यावर कंपनी थोडी भर घालेल आणि साठाव्या वर्षी पेन्शन सुरू होईल. आपल्याकडे स्वेच्छानिवृत्तीची रक्कम मालक मोजतो. इथे खर्चाचा मोठा वाटा सगळ्या विमाधारकांच्या तिजोरीतून जात होता.

१९८० च्या दशकात पश्चिम जर्मनीतील बेकारांची संख्या वीस लाखांवर गेली आणि हेल्मुट कोल यांच्या सरकारने ज्येष्ठांच्या भत्त्याची मुदत टप्प्याटप्प्याने वाढवली. १९८७ पर्यंत ती ५४ वर्षांपुढच्यांसाठी ३२ महिन्यांवर पोहोचली. हिशेबनिसांनी पुन्हा वजाबाकी केली. साठ वर्षांतून दोन वर्षे आठ महिने गेले की उरतात सत्तावन्न वर्षे चार महिने. हे वय कुठल्याही कायद्यात लिहिलेले नव्हते, तरी मोठ्या कंपन्यांच्या कामगारकपातीत तेच प्रमाण मानले जाऊ लागले. कंपनीला कटकट नको होती, कामगाराला उसंत हवी होती, संघटनेला तरुणांच्या नोकऱ्या वाचवायच्या होत्या आणि मंत्र्यांना आकडे खाली आणायचे होते. असे सर्वपक्षीय समाधान कामगार कायद्यात क्वचितच दिसते, आणि जेव्हा दिसते तेव्हा बिल कोणाच्या नावावर फाडले जात आहे हे तपासून पाहावे.

आकडे खाली आणण्याचा सर्वांत धीट उपाय १९८६ च्या आरंभी आला. अठ्ठावन्न पूर्ण केलेल्या बेकाराने कपात न होता पेन्शन मिळू लागताच ती घेईन असे लिहून दिले, की त्याला काम शोधण्याची सक्ती उरत नसे. भत्ता मात्र चालू राही. आणि त्याची गणती बेकारांत होत नसे! ही सवलत २००७ च्या अखेरपर्यंत टिकली. ती संपल्यावर किमान आधार भत्त्यावर जगणाऱ्यांसाठी तिची धाकटी बहीण आली. अठ्ठावन्नपुढच्या माणसाने वर्षभर हा भत्ता घेतला आणि तेवढ्यात त्याला नोकरीचा एकही प्रस्ताव आला नाही, तर तो आकडेवारीतून बाहेर. हे कलम २०२३ च्या सुरुवातीला रद्द झाले. माणूस घरी बसलेला, खात्यात भत्ता जमा होतोय आणि सरकारी तक्त्यात तो बेकार नाही, ही करामत मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत कमी क्षम्य वाटते.

दरम्यान मोठी दुरुस्ती झाली होती. १९९० च्या दशकात बेकारांच्या पेन्शनचे वय वर सरकवायला सुरुवात झाली, आणि १९५२ पासून पुढे जन्मलेल्यांसाठी ती वाट कायमची बंद झाली. चॅन्सेलर गेर्हार्ड श्रोडर यांच्या सरकारने केलेल्या सुधारणांमुळे २००६ पासून भत्त्याची मुदत सर्वांना १२ महिने आणि पंचावन्नपुढच्यांना १८ महिने एवढीच उरली. तीस-पस्तीस वर्षे हप्ते भरलेल्या माणसाला हा अन्याय वाटला. २००७ मध्ये श्रोडर यांच्याच पक्षात यावरून जुंपली. पक्षाध्यक्ष कुर्ट बेक मुदत वाढवा म्हणत होते, श्रममंत्री फ्रान्स म्युंटेफेरिंग विरोधात होते. बेक यांची सरशी झाली आणि २००८ पासून आजच्या १५, १८ व २४ महिन्यांच्या पायऱ्या आल्या.

२०१४ मध्ये ४५ वर्षे हप्ते भरलेल्यांना त्रेसष्टाव्या वर्षी कपातीविना पेन्शन मिळू लागली (१९५३ पासून जन्मलेल्यांसाठी हे वय जन्मवर्षागणिक दोन महिन्यांनी वाढते आणि १९६४ पासून पुढे जन्मलेल्यांना पासष्टी गाठावी लागते). भत्त्याचा काळ त्या ४५ वर्षांत धरला जाणार होता. या वेळी मात्र कायदेमंडळाने वजाबाकी आधीच करून ठेवली होती. त्रेसष्टातून भत्त्याची दोन वर्षे गेली की एकसष्ट. म्हणजे कंपन्या एकसष्टाव्या वर्षी माणसे घरी पाठवणार. म्हणून पेन्शनआधीच्या शेवटच्या दोन वर्षांतला भत्त्याचा काळ मोजायचा नाही असे ठरले. मालकाचे दिवाळे निघाले असेल किंवा धंदा पूर्ण बंद झाला असेल, तरच अपवाद. तरीही एक फट राहिलीच. त्या दोन वर्षांत बेकाराने छोटीशी अर्धवेळ नोकरी धरून पेन्शनचा हप्ता भरला, तर ते महिने नोकरीचे म्हणून मोजले जातात.

सर्वांत देखणे गणित अजून सांगायचे आहे. सबळ कारणाशिवाय स्वतः राजीनामा दिला किंवा परस्परसंमतीच्या करारावर सही केली, तर साधारणपणे १२ आठवडे भत्ता थांबतो आणि एकूण मुदतीचा किमान चौथा हिस्सा कापला जातो. २४ महिन्यांतले सहा असे जातात. पण नोकरी सुटून एक वर्षाहून अधिक काळ लोटल्यावर हक्क सुरू झाला, तर चौथ्या हिश्श्याची कपात होत नाही. आणि हक्क केव्हा सुरू व्हावा हे कायदा कामगाराला लांबवू देतो. म्हणून सत्तावन्नाव्या वर्षी सुटलेला माणूस कंपनीकडून मिळालेल्या रकमेवर वर्ष काढतो, आरोग्य विम्याची सोय पदरमोड करून करतो आणि अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर हक्क मागतो. मागची पाच वर्षे म्हणजे ६० महिने. त्यातले रिकामे १२ वजा केले की ४८ उरतात, आणि २४ महिन्यांसाठी ४८ च लागतात. इथे मात्र तराजू अगदी काट्यावर असतो. एक वर्षाची अट पुरी व्हावी आणि ४८ महिन्यांतला एकही निसटू नये, यासाठी तारखा दिवसांच्या हिशेबाने जुळवाव्या लागतात. त्यामुळे जाणकार वकिलाशिवाय या वाटेला कोणी जाऊ नये.

जर्मनीत नोकरी करणाऱ्या मराठी माणसांच्या पगारातूनही हा हप्ता कापला जातो आणि नियमही हेच लागू होतात. नोकरी संपणार हे कळल्यावर तीन महिने आधी, आणि तेवढा अवधी नसेल तर कळल्यापासून तीन दिवसांत, काम शोधत असल्याची नोंद रोजगार कार्यालयात करावी लागते. ती चुकली तर एका आठवड्याचा भत्ता जातो.