खेळाडूंचा लिलाव आणि चाहता



मृगाच्या सरी सुरू झाल्या, कीं आमच्या पापडीच्या तलावाभोवतालीं कबड्डीचें मैदान आंखण्याजोगी कोरडी जमीन उरत नाहीं. खेळ थांबतो, खेळाविषयींचें बोलणें मात्र थांबत नाहीं. किंबहुना ज्या महिन्यांत एकहि सामना होत नाहीं, त्याच महिन्यांत चाहता अधिक गुंतलेला आढळतो. कोणता चढाईपटू कोणाकडे जाणार, कोणत्या संघानें कोणास सोडलें, नवा मुलगा कोण आला, ह्या चर्चेंत त्याची संध्याकाळ सरते. ह्या ओढीला रिकामटेकडेपणा म्हणून हंसण्यावारी नेणें मला योग्य वाटत नाहीं.

अमेरिकेंत तर ह्या ओढीवर एक मोठा व्यवसायच उभा आहे. तेथील कॉलेजांचा फुटबॉल (हा आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे, लांबट चेंडू हातीं घेऊन धांवण्याचा तो खेळ) वर्षांतून थोडेच महिने चालतो. उरलेल्या काळांत सतरा-अठरा वर्षांच्या शाळकरी मुलांना पांचापर्यंत तारे देऊन त्यांची प्रतवारी लावणाऱ्या संस्था तेथें आहेत, आणि आपल्या कॉलेजाच्या वांट्याला किती तारे आले, हें मोजणारे असंख्य चाहते आहेत. परंतु तेथें कॉलेज मुलाला बोलावतें, आणि आलेल्या निमंत्रणांपैकीं कोणतें स्वीकारावें हें मुलगा ठरवितो. १९६४ पासून २०२४ पर्यंत त्यासाठीं एका राष्ट्रीय संमतिपत्रावर सही करण्याची रीत होती. आमच्या प्रो कबड्डीच्या लिलावांत हा प्रश्न मुलाला कोणी विचारीत नाहीं. तो आपलें नांव घालतो. पुढें जो अधिक बोली बोलेल, त्याच्याकडे त्यानें जावयाचें.

लिलावाची रीत थोडी उलगडून सांगतों. २०२५ सालीं तो ३१ मे व १ जून ह्या दोन दिवशीं मुंबईंत झाला. संघ १२, प्रत्येकाची थैली ५ कोटी रुपयांची. खेळाडूंच्या चार श्रेणी, आणि त्यांच्या पायाभूत किंमती अनुक्रमें ३०, २०, १३ व ९ लाख. राखून ठेवलेल्या खेळाडूंचा खर्चहि ह्याच थैलींतून वजा होतो. गुजरात जायंट्सनीं इराणच्या मोहम्मदरझा शादलूई ह्यांच्यासाठीं २ कोटी २३ लाख मोजले, म्हणजे थैलीचा शेंकडा सुमारें ४५ हिस्सा एका माणसावर. उरलेल्या रकमेंत बाकीचा संघ उभारावयाचा, आणि संघांत किमान १८ माणसें हवींत. मोठें नांव मिळालें म्हणून हर्षभरित होणाऱ्या चाहत्यानें ही वजाबाकी आधीं मांडावी. २०१४ च्या पहिल्या लिलावांत सर्वांत महाग ठरलेले राकेश कुमार १२ लाख ८० हजारांना पाटणा पायरेट्सकडे गेले होते, असें सांगितलें तर आजचीं पोरें विश्वास ठेवीत नाहींत.

बोलीवरून पुढील हंगाम कळतो काय? कोल्हापूर जिल्ह्यांत, चंदगड तालुक्यांत हुंदळेवाडी म्हणून गांव आहे. तेथील सिद्धार्थ देसाई २०१८ सालीं यू मुंबाला ३६ लाख ४० हजारांत मिळाले. त्या एका हंगामांत त्यांनीं चढाईचे २१८ गुण मिळविले, आणि दुसऱ्या वर्षीं तेलुगू टायटन्सनीं १ कोटी ४५ लाख देऊन त्यांना नेलें. ती त्या लिलावांतील सर्वांत मोठी बोली होती. २०२१ सालीं टायटन्सनींच त्यांच्यासाठीं पुन्हां १ कोटी ३० लाख मोजले, आणि मोजके सामने होतात तोंच दुखापतीनें त्यांचा तो हंगाम संपला. पैसे फुकट गेले, असें त्या वेळीं म्हणणाऱ्यांत मीहि होतों. सात जणांच्या कोंडाळ्यांत एकट्यानें शिरावयाचें, हा ज्याचा रोजचा धंदा, त्याच्या शरीराचा विचार माझ्या मनांत नंतर आला. २०२३ सालीं हरियाणा स्टीलर्सनीं त्यांना १ कोटीला घेतलें.

उलट नवीन कुमार पाहा. २०१८ सालीं दबंग दिल्लीनें त्यांना लिलावाबाहेर, नव्या तरुण खेळाडूंसाठीं ठेवलेल्या वाटेनें घेतलें. त्यांच्यावर बोली लागली नाहीं, म्हणून आमच्या गप्पांत त्यांचें नांवहि आलें नाहीं. फेब्रुवारी २०२२ मध्यें दिल्लीनें अजिंक्यपद पटकाविलें, तेव्हां हंगामाचे सर्वोत्तम खेळाडू ते ठरले होते.

माझ्यापुरतें म्हणाल, तर यादी हातीं आल्यावर कोटींच्या रकान्याकडे मी अलीकडे उशिरां वळतों. आधीं ९ लाखांच्या श्रेणींतील नांवें वाचतों. मुलगा कोठला, डाव्या कोपऱ्यांत खेळतो कीं उजव्या, आणि त्या कोपऱ्यावर संघांत आधींच कोण उभा आहे, एवढें पाहिलें म्हणजे त्याला सामने मिळतील कीं तो हंगामभर बाहेर बसून राहील, ह्याचा पुष्कळसा अंदाज बांधतां येतो. मग ज्यांच्या नांवापुढें कोणत्याच संघाचें नांव नसतें, तीं नांवें वाचतों. त्यांना पुढील लिलावापर्यंत जिल्ह्याच्या आणि राज्याच्या स्पर्धांत खेळत राहावयाचें असतें.