कुत्रा चावला, जबाबदार कोण?



पाड्यावरची एक बाई फार्महाऊसवर गवत कापायला गेली असता तिथला मोकळा कुत्रा तिच्या पोटरीला चावला. मालकाने 200 रुपये हातावर ठेवले. “ताई, कुत्र्यावर कुठं केस होते का?” तिने मला विचारले.

कुत्र्यावर नाही, मालकावर होते. पाळलेल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत संभवत असताना पुरेशी खबरदारी घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 प्रमाणे 6 महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘मुद्दाम सोडला नव्हता’ एवढे म्हणून सुटका नाही. निष्काळजीपणाही त्यात येतो. (आपल्या मंडळीतही कुत्री पाळणारे पुष्कळ आहेत!) उपचारखर्च व बुडालेली मजुरी दिवाणी न्यायालयात वेगळी मागता येते.

निर्गमाच्या 21व्या अध्यायातला मारका बैल आठवतो ना? ताकीद मिळूनही त्याला मोकळा ठेवणाऱ्या मालकाचा दोष तिथे अधिक धरला आहे. म्हणून कुत्रा अंगावर येतो ही तक्रार आधीच, लेखी द्यावी.

त्या बाईने जखमेत हळद भरली होती. खरे तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवायचे आणि लगेच सरकारी दवाखाना गाठायचा. आम्ही आधी लस टोचून घेतली, मग पोलीस ठाण्यात गेलो. बुडालेली मजुरी अजून मिळायची आहे.